वायपर न फिरवणाऱ्या बाई

कडकडीत ऊन, आभाळात ढगाचा पत्ता नाही, आणि परवाना कार्यालयामागच्या मैदानात उभ्या असलेल्या गाडीचा वायपर कोरड्या काचेवरून एकदाच कर्रकन फिरायचा. पत्र्याच्या शेडखाली खुर्चीत बसलेले साहेब मान वर न करता कागदावर खूण करायचे. पास. पुढची गाडी यायची. तिचाही वायपर फिरायचा, तीही पास. मग मधेच एखादी गाडी अशी यायची, की जिच्या काचेवर काहीच हलायचं नाही. तेव्हा मात्र साहेब चष्मा पुसायचे, खुर्चीतून उठायचे आणि जगातल्या सगळ्या रहदारीची काळजी आपल्याच डोक्यावर आहे अशा थाटात त्या गाडीकडे बघत राहायचे. ती गाडी नापास व्हायची.

न हलणारी ती गाडी बहुतेक वेळा ब्रेकबाईंची असायची.

वायपर फिरला म्हणजे पैसे पोचले, एवढा साधा तो कारभार. कुणी ठरवला, कधी ठरवला, देव जाणे. पण शहरातल्या बऱ्याच ड्रायव्हिंग स्कूलांत शिकायला आलेल्याला स्टिअरिंगच्या आधी वायपरचा खटका दाखवायचे. ब्रेकबाई परीक्षेच्या सकाळी गाडीच्या खिडकीत डोकं घालून बजावायच्या, "पाऊस आला तरच वायपर लावायचा. साहेबांना घाम आलाय म्हणून नाही."

त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक शटर, एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि दाराशी एक पांढरी गाडी. नवरा होता तोवर दोघं मिळून चालवायचे. तो गेला तेव्हा नातेवाइकांनी "आता गाडी विकून टाका" असा सल्ला दिला, आणि बाईंनी तो नीट ऐकून घेऊन गाडीला नवे टायर बसवून आणले. शिकवताना त्या शेजारच्या सीटवर बसायच्या. शिकवायच्या गाडीत त्या सीटखालीही पेडल असतात, पण दोनच, क्लच आणि ब्रेक. रेस, म्हणजे ॲक्सिलरेटर, तिथे नसते. रेस द्यायची ती शिकणाऱ्याने, आणि त्याने घातलेला गोंधळ थांबवायचा तो बाईंनी. त्यांच्या गाडीतून उतरणाऱ्याची पाठ घामाने चिंब असायची आणि कानात "ब्रेक!" एवढा एकच शब्द घुमत असायचा. त्यावरून हे नाव पडलं. तोंडावर मात्र सगळे नुसतं "बाई" म्हणायचे, कारण ब्रेकबाई म्हटलेलं त्यांना ऐकू गेलं असतं तर त्यांनी भर चौकात गाडी थांबवून उतरवलं असतं.

रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, त्यांच्या धाकट्या दिराचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. हे दीर म्हणजे शहरातल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. घरातले सोडले तर सगळं शहर त्यांना अध्यक्षच म्हणायचं, आणि घरातल्यांनीही म्हटलं तर त्यांची हरकत नसायची. माणूस मनाने वाईट नव्हता. वहिनीची गाडी बंद पडली तर स्वतःचा मेकॅनिक पाठवायचे, आजारी पडली तर फळं घेऊन यायचे. पण धंद्याच्या बाबतीत त्यांचं म्हणणं पक्कं होतं, साहेबांना खूश ठेवा, बाकीचं आपोआप रांगेला लागतं.

त्यामुळे त्या रस्त्यावर एक विचित्र रीत पडली होती. लोक गाडी शिकायला बाईंकडे यायचे, कारण बाईंसारखं शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं. परीक्षेत एकदा नापास व्हायचे, दुसऱ्यांदा व्हायचे, मग एके दिवशी मान खाली घालून रस्ता ओलांडायचे आणि अध्यक्षांकडे पैसे भरून पुढच्या आठवड्यात पास होऊन यायचे. बाई शेडपाशी उभ्या असायच्या, आणि त्यांनीच घासूनपुसून तयार केलेला माणूस दिराच्या गाडीत बसून त्यांच्या नाकासमोर वायपर फिरवायचा. काही जण तर नंतर येऊन सांगायचे, "बाई, तुमच्यामुळे पास झालो." बाईंच्या डोक्यात तिडीक जायची. एकदा त्या एकाला म्हणाल्या, "शिकवलं मी, पास झाला वायपर. जा, वायपरला जाऊन थँक्यू म्हण."

लोकांना वाटायचं बाईंना गिऱ्हाईक गेल्याचं दुःख आहे. तसं नव्हतं. दुःख होतं ते आपल्या विद्येला शून्य किंमत असल्याचं. चांगलं शिकवा, वाईट शिकवा, अजिबात शिकवू नका, निकाल तोच. आयुष्यभर मन लावून केलेल्या कामाची यापेक्षा मोठी थट्टा नाही. त्या विचाराने बाईंना कधीकधी रडू यायचं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा स्वतःचाच राग यायचा.

आणि मग यंत्र आलं.

मैदानात डांबराचा रस्ता झाला. कडेला खांब उभे राहिले, खांबांवर कॅमेरे आले, रस्त्याखाली तारा गेल्या. एका बाजूला सिमेंटचा चढ बांधला. पत्र्याची शेड पाडली, तिच्याबरोबर खुर्चीही गेली. आता अर्ज फोनवरून करायचा, तारीख फोनवर यायची. परीक्षेच्या दिवशी मशीनवर अंगठा ठेवायचा, कॅमेऱ्यात तोंड दाखवायचं, की गाडी सुरू करायला हिरवा दिवा मिळायचा. रेषेला चाक लागलं की भोंगा वाजायचा. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे घसरली की भोंगा वाजायचा. शेवटी बाहेरच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उमेदवाराचा फोटो आणि निकाल सगळ्यांना दिसायचा, आणि तोच निकाल त्याच क्षणी त्याच्या फोनवर यायचा. मधे कुणाची मान नाही, कुणाची खूण नाही.

पहिल्याच आठवड्यात अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्याकडची पोरं ओळीने नापास होऊ लागली. एकाने तर हिरवा दिवा लागल्याबरोबर सवयीने वायपर फिरवला आणि तसाच ठेवून दिला, कारण बंद कसा करायचा ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या कर्रकर्रमध्ये त्याने वळणावरचे दोन प्लास्टिकचे खुंट पाडले. पडद्यावर लाल अक्षरात निकाल आला तेव्हा बाहेर उभे असलेले लोक पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत. त्या घरी आल्या आणि दार लावून मग हसल्या.

पण असल्या गोष्टी सुखासुखी जात नाहीत. काही दिवसांनी यंत्र मधूनच बंद राहायला लागलं. कधी "सर्व्हर डाउन" अशी पाटी, कधी चढाकडच्या कॅमेऱ्यावर कुणाचं तरी पोतं पडलेलं, कधी वीज फक्त तेवढ्या मैदानातली गेलेली. यंत्र बंद असलं की जुने साहेब कुठूनशी एक खुर्ची पैदा करून भिंतीच्या सावलीत बसायचे आणि जुन्या पद्धतीने परीक्षा घ्यायचे. त्या दिवशी मैदानातले सगळे वायपर पुन्हा बोलायला लागायचे.

बाईंनी तक्रार केली. फोनवर, तक्रारीच्या पोर्टलवर, पोत्याच्या फोटोसकट. उत्तर आलं नाही तर परत केली. अध्यक्ष रस्ता ओलांडून आले.

"वहिनी, तुम्ही वर तक्रारी करताय म्हणे."

"करतेय."

"अहो, आपल्याच पोटावर कशाला पाय देताय? आपण सगळे एकाच बोटीत."

"बोटीत कशाला भाऊजी, आपण गाडी शिकवतो ना? का तेही बंद केलंत?"

अध्यक्ष चहा न पिता परत गेले. दिराने वहिनीकडचा चहा नाकारण्याची ती पहिलीच वेळ, आणि बाईंना ते लागलं. पण त्यांनी तो कप स्वतः पिऊन टाकला आणि पुढची तक्रार टाइप करायला घेतली.

याच सुमारास बाईंकडे शिकणारी एक शिंपीण परीक्षेला बसली. चौकात तिचं दुकान होतं; तिला शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची होती, कारण शिवणाच्या मशीनवर वाकून वाकून मानेची वाट लागली होती आणि डॉक्टरांनी काम बदला म्हणून सांगितलं होतं. शेडवाल्या साहेबांनी तिला पूर्वी इतक्या वेळा नापास केलं होतं, की ती परीक्षेला जाताना दुकान बंदच करायची नाही, नुसती मशीनवर चादर टाकून जायची. अध्यक्षांकडे जाण्याइतके पैसे तिच्याकडे नव्हते, आणि असते तरी बाईंच्या डोळ्यांसमोरून रस्ता ओलांडायची तिची छाती झाली नसती.

त्या दिवशी यंत्र सुरू होतं. शिंपीण सरळ रेषेत शिवण घालावी तशी गाडी चालवत गेली. भोंगा एकदाही वाजला नाही. पडद्यावर तिचा घाबरलेला फोटो आणि त्याखाली हिरवं "उत्तीर्ण". ती फोनकडे बघते, पडद्याकडे बघते, पुन्हा फोनकडे बघते. मग बाईंच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला तिने, की रांगेतल्या लोकांना वाटलं बिचारी पुन्हा नापास झाली.

त्यानंतर बाईंचे एकामागून एक पास होऊ लागले. सगळे नाही, पण बरेच. आणि ज्यांना आपल्या पैशाशिवाय कुणी पास होऊ शकतं ही कल्पनाच सहन होत नव्हती, त्यांनी यातून एकच अर्थ काढला. बाईंनी यंत्र फितवलं. आतल्या खोलीत पडद्यांसमोर बसणाऱ्या ऑपरेटरला बाईंनी हाताशी धरलं. एरवी यांचेच का पास होतात? संघटनेने वरच्या कार्यालयात निवेदन दिलं. यंत्रात घोटाळा आहे, ते बंद करा, अनुभवी साहेबांच्या नजरेखाली परीक्षा घ्या. सह्या सगळ्यांच्या होत्या, आणि सगळ्यात वर अध्यक्षांची.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या गाडीचा बॉनेट उघडून पाणी बघत होत्या. बॉनेट त्यांनी असा आपटला की समोरच्या दुकानावरची कबुतरं उडून गेली. वायपर न फिरवता काढलेली इतकी वर्षं, त्यांच्यावर आता पैसे चारल्याचा आरोप! आणि तो करणार कोण, तर पैसे चारणारे! यंत्र गेलं तर उद्या पुन्हा शेड, पुन्हा खुर्ची, आणि शिंपिणीसारख्या बायका पुन्हा मशीनवर चादर टाकून हेलपाटे घालणार. बाईंनी ठरवलं, या वेळी घरी बसून तक्रार टाइप करायची नाही.

निवेदनाची चौकशी करायला वरून मोठे साहेब येणार होते. त्या सकाळी मैदानाच्या कडेला संघटनेचे यच्चयावत सभासद जमले. मोठे साहेब किरकोळ अंगाचे, बोलण्यात तुटक. त्यांना लवकर निकाल लावून परत जायचं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. अध्यक्षांनी भाषण तयार करून आणलं होतं. यंत्राला अनुभव नसतो, यंत्राला माणुसकी नसते, असं बरंच बोलून ते मुद्द्यावर आले.

"आणि साहेब, यंत्र विकलं गेलंय. ज्यांचे उमेदवार पास होतात त्या इथेच उभ्या आहेत. माझ्या घरच्या आहेत म्हणून मी नाव घेत नाही."

"घ्या की," बाई गर्दीतून पुढे येत म्हणाल्या. "घरच्या माणसावर आरोप करायला लाजला नाहीत, मग नाव घ्यायला कसली लाज?" मग त्या मोठ्या साहेबांकडे वळल्या. "साहेब, यंत्र माझ्या ताब्यात असेल तर माझी चूक झाली तरी ते भोंगा वाजवणार नाही. बरोबर? मग मीच बसते, तुम्ही डोळ्यांनी ताडून बघा. तालीम म्हणून नाही, खरी परीक्षा. माझा अंगठा, माझा फोटो, माझ्या नावावर निकाल."

जुने साहेब घाईने पुढे झाले. "बाई, नियम माहीत आहे ना? शिकवणारा माणूस परीक्षेत नापास झाला, तर पुन्हा पास होईपर्यंत त्याचा शिकवायचा परवाना बंद. स्कूल बंद ठेवावं लागेल."

"माहीत आहे."

"तारखा दीड-दोन महिन्यांच्या पुढच्या मिळतात."

"तेही माहीत आहे. तुम्ही यंत्र बंद ठेवता म्हणून त्या इतक्या लांबल्यात."

कडेला कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. बाईंनी अंगठा ठेवला, कॅमेऱ्याकडे बघून केस सारखे केले. हिरवा दिवा लागला.

खरं सांगायचं तर नापास होण्याचा विचार बाईंच्या मनात आलाच नव्हता. त्यांनी गाडी नागमोडी वळणांतून नुसत्या क्लचवर अशी काढली, की संघटनेतल्या दोघा-तिघांनी न राहवून मान डोलावली. उलट्या गाडीने त्या खाचेत गेल्या, रेषेला धक्का नाही. मग चढ. अर्ध्या चढावर थांबायचं आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं. असा चढ त्यांनी शेकडो जणांकडून करून घेतला होता. त्या थांबल्या. क्लच अर्धा वर आणला, ब्रेक सोडला, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"रेस दे!"

आणि वाट बघत राहिल्या.

शेजारची सीट रिकामी होती. इतकी वर्षं रेस द्यायला दुसरं माणूस असायचं. बाईंच्या उजव्या पायाला ब्रेकच्या पलीकडे काही असतं हेच तो पाय विसरला होता. गाडी कुरकुरली. बाईंच्या डाव्या पायाने, घाबरलेल्या शिकाऊ माणसाला सावरावं तसा, सवयीने क्लच पूर्ण दाबला. गाडी मागे आली. वीतभरच आली, पण आली. भोंगा वाजला.

भिंतीवरच्या पडद्यावर बाईंचा केस सारखे करतानाचा फोटो आला आणि त्याखाली लाल अक्षरात "अनुत्तीर्ण". त्यांच्या पर्समधला फोन टुंग करून वाजला.

बाई गाडीत तशाच बसून राहिल्या. बाहेर शिंपीण तोंडावर हात धरून उभी होती, व्हॅन रस्त्याकडेला लावून मुद्दाम आली होती ती. बाईंना वाटलं जमीन फाटावी आणि गाडीसकट आत जावं. तेवढ्यात अध्यक्षांचा आवाज आला.

"पाहिलंत साहेब? आमच्या वहिनींइतकं गाडीतलं कळणारं माणूस या शहरात नाही. त्या नापास! म्हणजे यंत्र सदोष आहे. बंद करा ते!"

सगळे सभासद एका सुरात ओरडायला लागले. बंद करा, बंद करा. आणि तो गलका ऐकून बाईंची लाज कुठल्या कुठे पळाली. त्या गाडीतून उतरल्या आणि दार इतक्या जोरात लावलं की गलका थांबला.

"मगाशी यंत्र माझ्या खिशात होतं. आता ते बिघडलेलं आहे. भाऊजी, एक काहीतरी ठरवा." त्या चढापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "मला सांगा, गाडी मागे आली का नाही?"

अध्यक्षांनी मोठ्या साहेबांकडे बघितलं. बाईंनीच उत्तर दिलं.

"आली! मी रेस दिली नाही म्हणून आली. चूक माझी. यंत्राने काय लिहिलं? गाडी मागे आली. मग त्यात खोटं काय आहे? शेडखाली बसलेल्या कुठल्या साहेबाने मला नापास करायची हिंमत केली असती? त्यांनी मला चहा पाजून परवाना हातात दिला असता. याने माझं वय बघितलं नाही, माझं नाव बघितलं नाही, माझा दीर कोण ते बघितलं नाही. असं परीक्षा घेणारं मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय, आणि तुम्ही म्हणता बंद करा?"

त्यांनी गाडीची किल्ली अध्यक्षांपुढे धरली.

"चढ सदोष आहे ना? मग तुम्ही चढवून दाखवा. अंगठा ठेवून. खऱ्या निकालावर."

अध्यक्षांनी किल्लीकडे बघितलं, चढाकडे बघितलं. "माझा गुडघा सध्या..." असं काहीतरी ते पुटपुटले. बाईंनी किल्ली उपाध्यक्षांपुढे नेली. त्यांनी हात मागे बांधले. खजिनदारांना अचानक फोन आला. बाई किल्ली पुढे धरून त्या अख्ख्या रांगेसमोरून चालत गेल्या आणि शहराला गाडी शिकवणारे ते सगळे पुरुष आपापल्या बुटांकडे बघत राहिले. शेवटी शिंपिणीने हात पुढे केला. "मी दाखवू?" तिने विचारलं. तिने अंगठा न लावता, नुसतं दाखवायला म्हणून, तीच गाडी त्याच चढावर थांबवली आणि पुढे काढली. भोंगा गप्प राहिला.

मोठे साहेब पहिल्यांदाच जरा सावरून उभे राहिले. "यंत्र राहील," ते म्हणाले. "आणि ते ज्या दिवशी बंद असेल त्या दिवशी परीक्षाच होणार नाही. खुर्ची नाही, काही नाही." जुन्या साहेबांनी रुमाल काढून मान पुसली.

गर्दी पांगू लागली तसे अध्यक्ष बाईंजवळ आले. मगाचा आवाज गेला होता.

"वहिनी, आपलं भांडण वेगळं. पण स्कूल बंद पडलेलं मला बघवणार नाही. आतल्या ऑपरेटरशी बोललोय. यंत्राची चाचणी घेताना वापरायचं एक बटण असतं, 'प्रात्यक्षिक' म्हणून. साहेबांनी आपल्या लॉगिनवरून ते दाबलं की निकाल नोंदला जात नाही. आज संध्याकाळपर्यंत करता येतं. तुम्ही फक्त हो म्हणा."

जुने साहेब मागे उभेच होते. त्यांनी आपुलकीने मान हलवली. "बाई, तुमच्याकडून काही नको. अगदी फुकट."

बाईंनी दिराच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यात कपट नव्हतं. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की माणसाने काय करायचं याचा त्याला एवढा एकच मार्ग ठाऊक होता. एक क्षण बाईंचं मनही डगमगलं. दीड-दोन महिने शटर बंद, म्हणजे समोरच्या समोर सगळी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून जाणार. घरभाडं आहे, गाडीचा हप्ता आहे. आणि हे काही पैसे देऊन होत नव्हतं, मायेपोटी होत होतं.

मग त्यांनी मान वळवली आणि गाडीत बसायला निघालेल्या मोठ्या साहेबांना हाक मारली.

"साहेब! एक बटण राहिलंय बघा. निकाल पुसायचं. आज मायेने माझ्यासाठी दाबताहेत. उद्या वायपरवाल्यांसाठी दाबतील."

जुन्या साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मोठे साहेब परत आले, आतल्या खोलीत गेले, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्यांना त्यांचा फोनवरचा चढलेला आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. अध्यक्ष बाईंकडे बघत होते, जणू त्यांनी बुडणाऱ्याला हात दिला होता आणि बुडणारा त्यांनाच चावला होता.

"वहिनी, तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःच्या दुकानाला कुलूप लावलंत."

"हो," बाई म्हणाल्या, "आणि किल्ली परीक्षेच्या पुढच्या तारखेला मिळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्या शिकाऊंना फोन केले, कुणाला दुसरीकडे जायचं असेल तर जा म्हणून सांगितलं, भरलेले पैसे परत दिले. मग रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन त्या शटरसमोर बसल्या आणि मोठ्या अक्षरांत लिहायला लागल्या. येणारेजाणारे थांबून वाचायला लागले. समोरून अध्यक्ष धावत रस्ता ओलांडून आले.

शटरवर लिहिलं होतं, "बाई चढावर नापास झाल्या आहेत. पास होईपर्यंत शिकवणी बंद."

"अहो वहिनी! हे काय? 'दुरुस्तीसाठी बंद' लिहा, 'बाहेरगावी' लिहा. चारचौघांत शोभा करून घ्यायची काही गरज आहे का? वर पाटीवर दादाचं नाव आहे!"

"म्हणूनच खाली खोटं लिहीत नाही." बाईंनी ब्रश डब्यात बुडवला. "नापास झाले. पैसे देऊन पास झाले असते तर लपवायची वेळ आली असती. यात लपवण्यासारखं काय आहे?"

अध्यक्ष उभे राहिले. जावं की थांबावं ते त्यांना कळेना. रंगाचे ओघळ शटरच्या पन्हाळींतून खाली येत होते, ते बाई चिंधीने पुसत होत्या. त्या माणसाने शटरवरचं अक्षर न् अक्षर वाचून काढलं. मग एकदम खालच्या आवाजात, रस्त्यावरच्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने त्याने विचारलं,

"किती मागे आली गाडी?"

"वीतभर."

अध्यक्षांनी घसा खाकरला. इकडेतिकडे बघितलं.

"माझी पार खालपर्यंत आली असती, वहिनी. चढावर कशी काढतात ते मी कधी शिकलोच नाही. मी पण... आमच्या वेळी दादानेच सगळं करून दिलं होतं."

बाईंचा ब्रश थांबला. वर पाटीवर ज्याचं नाव होतं त्या माणसाने आपल्या धाकट्या भावाला, लाडाने, प्रेमाने, चढ न चढताच पास करून दिलं होतं. बाईंना राग यायला हवा होता, आणि तो आलाही. नवऱ्याचा, दिराचा, त्या शेडचा. त्यांनी शटरवरचा आणखी एक ओघळ चिंधीने पुसून काढला.

"मग नंबर लावा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माझ्या मागचा."